झांबियातली तांब्याची खाण : मालक इतके का बदलले?

तांबडी_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

वेदांतने झांबियातल्या कोंकोला कॉपर माइन्सचा ताबा परत मिळवल्याची बातमी वाचली, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. २००४ मध्ये या कंपनीने तिथला ५१ टक्के हिस्सा अडीच कोटी डॉलरना घेतला. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने कोर्टाकरवी हंगामी लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळण्यासाठी ताबा घेणारा अधिकारी, नेमून खाण काढून घेतली. आणि २०२४ मध्ये तीच खाण पुन्हा त्याच कंपनीकडे गेली. मागे जाऊन पाहिलं तर अँग्लो अमेरिकन या कंपनीनेही हीच खाण दोनदा धरली आणि दोनदा सोडली. मधली बरीच वर्षं ती सरकारी होती.

माझा प्रश्न साधा आहे. तांबं भरपूर, त्याची प्रत उत्तम, जगभर मागणी. मग इतकी मोठी खाण मुंबईतल्या एखाद्या बऱ्यापैकी इमारतीच्या किमतीत कशी विकली गेली? आणि विकली, तर परत का घेतली? माझं मत विचाराल तर एकाही मालकाने तिथे राहणाऱ्या माणसांचा हिशेब धरला नाही, म्हणून हे होत राहिलं. पण खाणीतलं मला काही कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

शिट्टी

पहिला! चहा घेऊन बसतो, लिहा मंडळी.

अर्थपूर्ण

चांगला धागा. पण 'स्वस्तात विकली' हे वाक्य अर्धवट आहे. किंमत ठरते ती त्या दिवसाच्या बाजारावर. २००१-०२ मध्ये तांबं टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. २००६ मध्ये आठ हजारांच्या वर गेलं. विकताना सरकारपुढे पहिला आकडा होता, आपण आज दुसरा डोळ्यांपुढे ठेवून बोलतोय. आणि 'सरकारने स्वतःच चालवायला हवी होती' असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो, सरकारने ती चालवून पाहिलीच होती. १९६९ च्या सुमारास झांबियात वर्षाला सात लाख टनांच्या वर तांबं निघत होतं. २००० पर्यंत ते अडीच लाखांवर आलं.

चिंगोलाकर

मी खाण अभियंता. १९८० च्या दशकात चिंगोलाच्या न्चांगा खाणीत नोकरीला होतो, म्हणजे झेडसीसीएम या सरकारी कंपनीच्या काळात. आता निवृत्त आहे, वेळ आहे, सविस्तर लिहितो.

आधी मालकांची वंशावळ, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तांबं तिथे गोऱ्या माणसाने शोधलं नाही. कान्सान्शी या ठिकाणी शेकडो वर्षं स्थानिक लोक तांबं काढत होते, त्याचे फुलीच्या आकाराचे ओतीव तुकडे दूरदूरच्या व्यापारात चालायचे. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने बारोत्सेचा राजा लेवानिका याच्याकडून करार लिहून घेतला आणि त्या जोरावर खनिजांवर हक्क सांगितला. लेवानिकाचं राज्य पश्चिमेला. आजच्या कॉपरबेल्टवर, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यावर, त्याची सत्ता नव्हतीच. तरीही ही कंपनी १९६४ पर्यंत प्रत्येक टनामागे रॉयल्टी घेत राहिली. १९२४ मध्ये तिने राज्यकारभार ब्रिटिश सरकारकडे सोपवला, खनिजांचा हक्क मात्र सोडला नाही.

प्रत्यक्ष खोदकाम दोन गटांचं. एक चेस्टर बीटी या अमेरिकन माणसाचा ऱ्होडेशियन सिलेक्शन ट्रस्ट, त्याच्याकडे लुआन्श्या आणि मुफुलिरा. दुसरा अर्न्स्ट ओपनहायमरचा अँग्लो अमेरिकन, त्याच्याकडे न्काना, न्चांगा आणि नंतर बँक्रॉफ्ट. आजची कोंकोला ती हीच बँक्रॉफ्ट, आणि कोंकोला कॉपर माइन्स या कंपनीत न्चांगाही येते. गावाचं नाव आता चिलिलाबोम्ब्वे.

११ ऑगस्ट १९६९ ला अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी लुसाकाच्या माटेरो भागात भाषण करून खाणींमध्ये ५१ टक्के सरकारी हिस्सा जाहीर केला. १९७० पासून तो अमलात आला. १९८२ मध्ये दोन्ही गट एकत्र करून झेडसीसीएम झाली. मी गेलो ती याच कंपनीत.

तिथे कंपनी म्हणजे नुसता पगार नव्हे. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, शाळा, क्लब, पोहण्याचा तलाव, रस्त्यावरचे दिवे, कचरा उचलणं, सगळं कंपनीचं. घरातला दिवा गेला तरी कंपनीचा माणूस येऊन बदलून जायचा. पहिली पाळी सुटली की केजमधून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, माणसं वर येत, कॅप लॅम्प खिडकीवर जमा करत. दिवा जागेवर आला नाही तर माणूस अजून खाली आहे असं धरायचं. माझा एक शिफ्ट बॉस रोज स्वतः त्या फळीपुढे उभा राहून रिकाम्या खुंट्या बोटाने मोजायचा आणि पूर्ण झाल्याशिवाय घरी जायचा नाही. मुफुलिराच्या अपघातातून तो वाचलेला होता. २५ सप्टेंबर १९७० ला तिथे वर साठवलेला गाळ जमीन खचून खाणीत घुसला आणि ८९ माणसं गेली.

'अर्थपूर्ण' यांनी उत्पादन घटल्याचं लिहिलंय ते खरंच आहे. पण कारण फक्त सरकारी कारभार नाही. १९७४ नंतर तांब्याचा भाव कोसळला आणि बरीच वर्षं वर आला नाही. देशाची जवळजवळ सगळी परदेशी कमाई तांब्याची. त्यामुळे खाणीत नवे पंप, नवी यंत्रं घालायचे पैसे देश चालवायला गेले. माझ्या वेळी एका ड्रिलचा सुटा भाग यायला महिनोन्महिने लागायचे, मग दुसऱ्या बंद यंत्रातून काढून लावायचो.

वाळवंटी_मोर

काका, दंडवत! असं लिहिणारी माणसं आहेत म्हणून इथे यावंसं वाटतं. अजून लिहा. तिथे खायचं काय?

चिंगोलाकर

@वाळवंटी_मोर, न्शिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि सोबत कापेंटा. कापेंटा ही आपल्या सुकटीसारखी बारीक सुकी मासळी, टोमॅटो-कांद्यात परतलेली. मी तिथे शिकलो ते आजही घरी करतो. बाकी किराणा गुजराती दुकानदारांकडे मिळायचा, तूरडाळसुद्धा.

शिट्टी

लुआन्श्याच्या खाणीचं नाव रोन अँटेलोप असं एका हरणावरून पडलंय म्हणे, खरं का?

चिंगोलाकर

सांगतात ते असं. १९०२ मध्ये विल्यम कॉलियर नावाच्या माणसाने रोन जातीचं हरीण मारलं, ते पडलं त्या खडकावर हिरवा मॅलेकाइट, म्हणजे तांब्याचं खनिज, दिसला. खाणीला नाव हरणाचं दिलं, हे मात्र पक्कं.

शिट्टी

शिकार हरणाची, आणि लॉटरी कंपनीची. हरणाला रॉयल्टी द्यायला हवी होती, लेवानिकापेक्षा त्याचा हक्क जास्त!

खडक_आणि_पाणी

भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, आता भूजलात काम करतो. धागाकर्तीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पाण्यात आहे आणि ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

कोंकोला ही जगातल्या सर्वांत ओल्या खाणींपैकी एक. खनिजाच्या थराच्या खाली पाणी धरणारे खडक, वर डोलोमाइट हा चुनखडीसारखा खडक, त्यातही पाणी. रोज तीन लाख घनमीटरच्या आसपास पाणी उपसून वर आणावं लागतं. एक टन खनिज वर आणायचं तर त्यासोबत कितीतरी टन पाणी आणावं लागतं. पंप चालवायला वीज लागते आणि ती भाव पडला म्हणून कमी लागत नाही.

आता मालकाच्या जागी बसून बघा. साधी खाण परवडेनाशी झाली तर कुलूप लावता येतं, भाव चढला की उघडता येते. इथे कुलूप लावता येत नाही. उत्पादन थांबवलं तरी पंप चालूच ठेवायचे, नाहीतर खाण बुडते, आणि बुडालेली खाण पुन्हा कोरडी करायची म्हणजे नव्याने खाण उघडण्याइतका खर्च. म्हणजे भाव पडलेला असताना ही खाण मालमत्ता कमी आणि रोजचं देणं जास्त. खालचं चांगलं खनिज गाठायला कोंकोला डीप हा प्रकल्प हवा होता, त्याला कित्येक कोटी डॉलर लागणार होते. अँग्लोने २००० मध्ये खाण घेतली आणि २००२ मध्ये निघून गेली ती याच हिशेबामुळे. तेव्हा सरकारच्या हातात काय उरलं? पंप चालू, पैसे नाहीत, हजारो कामगार, आणि गिऱ्हाईक जवळजवळ नाही. अशा वेळी घेणारा किंमत ठरवतो.

अर्थपूर्ण

@खडक_आणि_पाणी, अगदी हेच म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं मांडलंत. जोखीम घेणाऱ्याला नफा मिळाला तर त्यात गैर काय?

सड्यावरचा

गैर काय ते रत्नागिरीत येऊन विचारा.

मी मूळचा रत्नागिरीचा. वेदांतच्याच समूहातल्या स्टरलाइट कंपनीचा तांबं वितळवण्याचा कारखाना आधी आमच्याकडे येणार होता. १९९२ मध्ये एमआयडीसीची ५०० एकर जमीन दिली होती, बांधकाम सुरू झालं होतं. आंबा बागायतदार, मच्छीमार, सगळे रस्त्यावर उतरले. तेव्हा मी शाळेत होतो, पण वडिलांबरोबर मोर्चाला गेलेलो आठवतोय. १९९३ च्या जुलैमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला सांगितलं, आणि कारखाना तमिळनाडूत तूतुकुडीला गेला. तिथे २२ मे २०१८ ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं मेली. मग कारखाना बंद झाला.

आम्ही वाचलो याचा आनंद आहे. पण आम्ही ढकलला म्हणून तो दुसऱ्याच्या दारात गेला, हेही मला सतत वाटत आलंय. जोखीम घेतली असं म्हणताना ती कुणाच्या नदीची, कुणाच्या हवेची, हे आधी विचारायला हवं.

अर्थपूर्ण

@सड्यावरचा, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण घरातली वायर, मोटारीची मोटर, पवनचक्की, सगळ्याला तांबं लागतं. कुठेतरी ते वितळणारच. कोकणात नको, तमिळनाडूत नको, मग चिंगोलात चालेल का?

सड्यावरचा

कुठेच चालणार नाही असं मी म्हटलेलं नाही. धूर आणि गाळ नीट हाताळून वितळवा. त्याचा खर्च तांब्याच्या किमतीत धरा, लोकांच्या फुप्फुसात नको.

अनघा_बोरिवली

धुराचं लिहिलंत म्हणून. मुफुलिरात स्मेल्टरला, म्हणजे तांबं वितळवण्याच्या कारखान्याला, लागून कांकोयो नावाची वस्ती आहे. तिथले लोक सल्फर डायऑक्साइडच्या धुराला 'सेंटा' म्हणतात. सेंटा आला की खोकत घरात पळायचं. तिथे झाडं धड वाढत नव्हती, पत्रे गंजून जायचे. ही खाण कोंकोलाची नव्हे, मोपानी कंपनीची, तेव्हा ग्लेनकोरच्या ताब्यातली. २०१४ च्या सुमारास तो वायू पकडून सल्फ्युरिक ॲसिड करायचा नवा प्रकल्प तिथे पूर्ण झाला. म्हणजे तंत्र होतं. स्मेल्टर १९३० च्या दशकापासून चालू होता.

मीनल_लंडन

मी इथे कायद्याच्या क्षेत्रात आहे, कोंकोलाचा खटला बारकाईने वाचलाय.

नोव्हेंबर २००६ मध्ये न्चांगाच्या प्रकल्पातून आम्लयुक्त गाळ नेणारी पाइपलाइन फुटली. गाळ मुशिशिमा ओढ्यात आणि तिथून काफुए नदीत गेला, नदीचं पाणी निळं पडलं, चिंगोलाचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. सुमारे २००० रहिवासी झांबियाच्या कोर्टात गेले. २०११ मध्ये हायकोर्टात जिंकले. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कंपनीची जबाबदारी कायम ठेवली, पण भरपाई फक्त १२ जणांना, ज्यांच्याकडे वैद्यकीय कागद होते. नदीकाठी शेती करणाऱ्या माणसाकडे रक्ताच्या तपासणीचा कागद कुठून असणार?

दुसरा खटला लंडनमध्ये. चिंगोलाजवळच्या गावांतले १,८२६ लोक, मेनेसा लुंगोवे आणि इतर, विरुद्ध वेदांत रिसोर्सेस. कंपनीचं म्हणणं, खाण चालवते ती झांबियातली उपकंपनी, आम्ही लंडनची मूळ कंपनी, आमचा संबंध नाही, खटला झांबियात चालवा. १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो असं सांगितलं. कारणं दोन. मूळ कंपनीने पर्यावरणाची धोरणं ठरवली, त्यांवर देखरेख करतो असं स्वतःच छापलं, म्हणून तिच्यावरही जबाबदारी येऊ शकते. आणि झांबियात असा मोठा खटला लढवायला लागणारा पैसा आणि वकिलांची फौज त्या गावकऱ्यांना मिळण्यासारखी नव्हती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली.

कंपनीने स्वतःच्या छापील अहवालात लिहिलेली वाक्यंच तिच्यावर आली, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जगभरच्या खाण कंपन्यांचे वकील हा निकाल वाचतात.

तांबडी_वाट

@मीनल_लंडन, खूप आभार. १२ जणांचं वाचून पोटात कालवलं. @चिंगोलाकर, गोऱ्या कंपन्यांच्या काळात कामगारांची स्थिती कशी होती? तेव्हा तरी ऐकून घेत होते का?

चिंगोलाकर

नाही. १९३५ च्या मे महिन्यात डोईपट्टी वाढवली तेव्हा पहिला मोठा संप झाला. मुफुलिरातून सुरू झाला, २९ मे ला लुआन्श्यात पोलिसांच्या गोळीबारात ६ माणसं मेली. १९४० मध्ये न्कानाला पुन्हा संप, पुन्हा गोळीबार. कौशल्याची कामं गोऱ्या कामगारांसाठी राखीव, आफ्रिकन माणूस तेच काम करत असला तरी हुद्दा आणि पगार वेगळा. १९४९ मध्ये आफ्रिकन खाण कामगार संघटना उभी राहिली, लॉरेन्स काटिलुंगू तिचे अध्यक्ष. स्वातंत्र्याच्या चळवळीला बळ मिळालं ते या कामगारांच्या वस्त्यांतून.

आणि २४ ऑक्टोबर १९६४ ला स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचा तो खनिज हक्क संपवण्यासाठी तिला ४० लाख पौंड द्यावे लागले, त्यातले निम्मे झांबियाने आणि निम्मे ब्रिटनने भरले. स्वतःच्या जमिनीखालचं तांबं स्वतःचं करून घ्यायला नव्या देशाने पैसे मोजले. माझ्याबरोबर काम करणारी म्हातारी माणसं हे रागाने सांगायची, आणि तो राग मला पटायचा.

कसबा_पेठ

माझं माहेर पुण्याच्या तांबट आळीतलं. आजोबा पत्रा ठोकत, एका लयीत, प्रत्येक घाव शेजारच्या घावाला चिकटून. मठारकाम म्हणतात त्याला. घाव चुकला तर भांडं डोळ्याला लगेच खटकतं. पत्रा कुठून येतो असं कधी विचारलंच नाही आम्ही घरात. 'बाजारातून' एवढंच उत्तर. हा धागा वाचताना बंब, घंगाळ, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि त्यामागे एवढी माणसं खाली उतरलेली असतात हेही.

वाळवंटी_मोर

@कसबा_पेठ, सुंदर प्रतिसाद. मठारकामावर वेगळा धागा काढाच, फोटोंसह.

बॅलन्सशीट

कोंकोला ही पहिली भारतीय उडी नव्हे, हे राहिलंय. १९९७ मध्ये खासगीकरण सुरू झालं तेव्हा लुआन्श्याची खाण बिनानी समूहाने घेतली होती. रॅमकोझ नावाची कंपनी काढली. २००० मध्ये ती बुडीत निघून रिसीव्हरच्या, म्हणजे देणी वसूल करायला नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेली. त्या शहरात आधीची सरकारी कंपनी दवाखाना, शाळा, पाणी बघत होती. कंपनी बुडाली की तिच्याबरोबर सगळंच बुडतं.

@अर्थपूर्ण, जोखमीचं म्हणालात, मग हा मुद्दा घ्या. कंपनी तोट्यात गेली की निघून जाते, अँग्लो गेली तशी. गाव कुठे जाणार? घरं तर खासगीकरणाच्या वेळी कामगारांनाच विकून टाकली होती. घर मालकीचं, शहरात काम नाही. ही जोखीम कुणाच्याच ताळेबंदात दिसत नाही.

अर्थपूर्ण

@बॅलन्सशीट, हा मुद्दा मान्य. खाण विकताना गावाच्या खर्चाची तरतूद करारातच हवी होती. पण तरीही विचारतो, २०१९ मध्ये सरकारने खाण काढून घेतली, मग पाच वर्षांत पुन्हा त्याच कंपनीला का दिली? स्वतःला चालवता आली नाही, म्हणूनच ना?

खडक_आणि_पाणी

पंप! पुन्हा पंपच. लिक्विडेटर असो की मालक, रोजचं पाणी कुणाची वाट बघत नाही. त्यात नवं भांडवल घालायला कुणी तयार नाही, वाद लवादात अडकलेला, ठेकेदारांची बिलं थकलेली. २०२१ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने २०२३ मध्ये कंपनीशी समझोता केला. कंपनीने पाच वर्षांत १ अब्ज डॉलर गुंतवण्याचं कबूल केलंय. २००४ आणि २०२४ मध्ये फरक एवढाच की आता तांब्याचा भाव चढा आहे आणि विजेच्या गाड्यांमुळे सगळं जग तांबं शोधतंय. सरकारला या वेळी हात थोडा वर ठेवून बोलता आलं असावं.

मीनल_लंडन

आणि २०१९ चा निकाल पाठीशी आहे. पुढच्या वेळी पाइप फुटला तर गावकऱ्यांना लंडनचं दार माहीत आहे.

अनघा_बोरिवली

दार माहीत असून पुरेसं नाही ना ताई. २००६ ते २०२१, पंधरा वर्षं गेली. तेव्हा नदीत उतरलेली लहान मुलं आता बाप झाली असतील.

शिट्टी

अवांतर : किटवे शहरातल्या 'काळ्या डोंगरा'बद्दल कुणी सांगेल का? व्हिडिओत पोरं पिशव्या घेऊन चढताना दिसतात.

चिंगोलाकर

न्काना स्मेल्टरच्या मळीचा, म्हणजे तांबं वितळवून उरलेल्या टाकाऊ धातुमळीचा, तो ढीग. दशकानुदशकं टाकलेली मळी, तिच्यात थोडं तांबं उरलेलं. जुन्या काळी ते काढणं परवडत नव्हतं, आता परवडतं. बेकार तरुण तिथे कुदळ घेऊन खोदतात, त्यांना जेराबो म्हणतात. आधार नसलेली भुयारं करतात आणि ती कोसळतात. २०१८ मध्ये ढीग ढासळून १० जण मेले. माझ्या काळच्या सहकाऱ्यांची नातवंडं असू शकतील या विचाराने त्या बातम्या मला पूर्ण वाचवत नाहीत. खाली उतरताना आम्हाला हेल्मेट, दिवा, छताला आधाराचे बोल्ट, वर दिवे मोजणारा माणूस. यांना काहीच नाही.

धागाकर्तीला उत्तर : तुम्ही म्हणता तसं माणसांचा हिशेब कुणीच धरला नाही असं मी म्हणणार नाही. झेडसीसीएमने धरला होता, पण यंत्रांचा धरला नाही. नंतरच्यांनी यंत्रांचा धरला, नवा स्मेल्टर न्चांगाला उभा राहिला, कोंकोलात खाली उतरायची नवी खोल शाफ्ट झाली, पण दवाखाना आणि नदी सुटली. दोन्ही एकत्र धरणारा मालक मी तरी तिथे पाहिला नाही.

तांबडी_वाट

काका, हे वाचून बरंच उलगडलं. आणखी एक विचारते. झांबियाला समुद्र नाही, मग एवढं तांबं बाहेर जायचं कसं?

चिंगोलाकर

दक्षिणेकडे ऱ्होडेशियातून (आजचं झिंबाब्वे) रेल्वेने, किंवा पश्चिमेला अंगोलातून बेंग्वेला रेल्वेने. १९६५ मध्ये ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दक्षिणेची वाट अवघड झाली. मग टांझानियाच्या कच्च्या रस्त्याने ट्रक, त्याला ड्रायव्हर 'हेल रन' म्हणत. शेवटी चीनने ताझारा रेल्वे बांधून दिली, दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी, १,८६० किलोमीटर, १९७० ते १९७५. मी त्या गाडीने प्रवास केलाय. डब्यातून जिराफ दिसतात, आणि गाडी वेळेवर आलेली मी पाहिली नाही. त्यावर सवडीने वेगळा धागा काढतो.